रणगाड्याचा खरा रंग कोणता? दहा बाटल्यांत मावणारा लष्करी इतिहास

१.
नगरच्या रणगाडा संग्रहालयात आलेला हौशी प्रतिकृतीकार बहुधा एक गोष्ट करतोच. तो मोबाईल काढतो आणि रणगाड्याच्या रंगाचे जवळून छायाचित्र घेतो. घरी १/३५ मापाचा सेंच्युरियन किंवा १/७२ मापाचे मिग-२१ अर्धवट जोडून ठेवलेले असते. आता खरा रंग हाती लागला, या समाधानात तो परततो. हे समाधान कितपत खरे आहे, याचा शोध या धाग्यात घ्यायचा आहे. लष्करी विमाने आणि रणगाडे यांच्या प्रतिकृती करणाऱ्या नवख्याने सुरुवातीला कोणते रंग घ्यावेत, हा प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासातूनच द्यावे लागते.

२.
प्रथम स्थळ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, आणि चिलखती युद्ध यांचा संबंध शंभर वर्षांचा आहे. १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरची प्रशिक्षण शाळा खडकीहून येथे आली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, येथेच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. त्याच संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू केले. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर बांधलेली चिलखती गाडी, ब्रिटिश मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी हा-गो, फ्रेंच एएमएक्स-१३, १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन, आणि भारतीय बनावटीचा विजयंत, अशी पन्नासच्या आसपास वाहने येथे पाहायला मिळतात.

३.
ही वाहने उघड्यावर उभी आहेत. नगरचे ऊन, वळवाचा पाऊस आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ यांत पोलाद टिकवायचे, तर त्याला वेळोवेळी रंग द्यावाच लागतो. हे काम करणाऱ्यांचा हेतू गंज रोखण्याचा आणि वाहनाची शान राखण्याचा असतो. त्यामुळे आज दिसणारा पृष्ठभाग जतनाचा असतो, युद्धकाळाचा नसतो. वाहनाचे आकारमान, जोडकाम, चाकांची रचना, चिलखताची जाडी यांबाबत संग्रहालयातील वस्तू हा अव्वल पुरावा ठरतो. रंगाबाबत तोच पुरावा सर्वांत दुबळा ठरतो.

४.
या मुद्द्याला नगरमध्येच एक हृद्य उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ क्षेत्रातील बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी जळत्या रणगाड्यातून बाहेर पडण्यास नकार दिला आणि शत्रूशी झुंज देत प्राण दिले. ते २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’. सायप्रसमधील एका बंदराचे हे नाव. तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केला आहे. आता ‘फामागुस्ता’ची प्रतिकृती करायची, तर तिला कोणता रंग द्यायचा? आज दिसतो तो, की त्या दिवशी होता तो? या प्रश्नाकडे शेवटी पुन्हा येऊ. त्यापूर्वी लष्करी रंग कसे ठरत गेले, ते पाहणे आवश्यक आहे.

५.
सुरुवात धुळीपासून. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत ‘जळून खाक झाले’ म्हणताना आपण तोच शब्द राखेसाठी वापरतो. ‘खाकी’ म्हणजे धुळीच्या रंगाचा. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही तुकडी उभारली आणि तिच्यासाठी धुळकट रंगाचा पोशाख निवडला. ब्रिटिश सैन्य तेव्हा लाल डगल्यांसाठी ओळखले जात होते. दूरवरून अचूक मारा करणाऱ्या रायफली आल्या, तसा उठून दिसणारा गणवेश जिवावर बेतू लागला. १९०२ पर्यंत खाकी हा ब्रिटिश सैन्याच्या मायदेशीच्या सेवा-गणवेशाचाही रंग झाला. हिंदुस्थानच्या सीमेवरची धूळ अशा रीतीने साऱ्या साम्राज्याच्या अंगावर चढली.

६.
पहिल्या महायुद्धात लपण्याचे शास्त्र झाले. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने छद्मावरणासाठी, म्हणजे ज्याला आपण कॅमोफ्लाज म्हणतो त्यासाठी, स्वतंत्र विभाग स्थापला. त्याचे प्रमुख गिराँ द सेवोला हे व्यवसायाने चित्रकार होते. वस्तूची बाह्यरेषा मोडून टाकली की डोळा फसतो, हे चित्रकारांना आधीपासून ठाऊक होते. तोफा, गाड्या आणि पुढे रणगाडे यांच्यावरचे वेडेवाकडे पट्टे या जाणिवेतून आले.

७.
तरीही रंग केवळ भूप्रदेश पाहून ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील रणगाडे प्रारंभी हिरवट खाकी होते. १९४२ मध्ये त्यांचा मूळ रंग तपकिरी करण्यात आला. इंग्लंडची कुरणे त्या वर्षी काही तपकिरी झाली नव्हती. हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइड या रंगद्रव्याची टंचाई झाली होती. १९४४ मध्ये पुन्हा ऑलिव्ह हिरवा आला, तो अमेरिकी वाहनांशी मेळ बसावा म्हणून. म्हणजे एकच चर्चिल रणगाडा वर्षागणिक निरनिराळ्या रंगांत योग्य ठरू शकतो. ‘चर्चिलचा रंग कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या वर्षी आणि कोठे?’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

८.
आता जमिनीवरून आकाशाकडे. नगरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर आहे. १९६४ मध्ये येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग-२१ विमाने परवान्यानुसार तयार होऊ लागली. रणगाडा आणि विमान यांच्या रंगांत एक मूलभूत भेद आहे. रणगाड्याला एकाच पार्श्वभूमीत मिसळायचे असते. विमान वरून पाहिले तर मागे जमीन असते, खालून पाहिले तर आकाश. म्हणून विमानाच्या पाठीला एक रंगयोजना आणि पोटाला दुसरी लागते. रणगाड्यांपेक्षा विमानांच्या प्रतिकृतींना अधिक बाटल्या लागतात, त्याचे कारण हेच.

९.
भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे वापिटी विमानांसह उभी राहिली. ही विमाने रुपेरी होती. त्यांच्या पंखांवर कापड ताणलेले असे आणि त्यावर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेले लुकण चढवलेले असे. ती पूड सूर्याची अतिनील किरणे परतवून कापडाचे आयुष्य वाढवी. वापिटीची चमक शोभेसाठी नव्हती. उन्हापासून बचाव हे तिचे काम होते. संग्रहातील रुपेरी बाटलीची पहिली नोंद येथे होते.

१०.
महायुद्धात ही चमक झाकली गेली. हरिकेन विमानांच्या पाठीवर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे पट्टे आले. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनमधील लढाऊ विमानांवर तपकिरीच्या जागी राखाडी आला, कारण लढाई आता समुद्रावरून आणि अधिक उंचीवरून होत होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील हरिकेन मात्र हिरव्या-तपकिरीतच राहिली; तेथे जंगलावरून खालून उडायचे होते. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली क्रमांक १ स्क्वाड्रन लढली, ती हरिकेनवरच. लंडनवरचे हरिकेन आणि इंफाळवरचे हरिकेन एकाच साच्यातून निघाले, तरी १९४४ मध्ये त्यांना एकच रंग देता येत नाही.

११.
याच काळातील एक बदल नवख्यांच्या हातून हमखास सुटतो. ब्रिटिश विमानांवरील गोल चकतीच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल वर्तुळ होते. ब्रह्मदेशच्या आकाशात क्षणभर दिसलेला लाल ठिपका मित्राचा की शत्रूचा, हे ठरवण्याच्या घाईत स्वतःच्याच विमानावर गोळी झाडली जाण्याचा धोका होता. १९४२ नंतर या आघाडीवरील चकत्यांमधून लाल रंग काढून टाकण्यात आला. निळ्या वर्तुळात पांढरा, पुढे फिकट निळा ठिपका राहिला. नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू आणि काँग्रेसचे अन्य नेते स्थानबद्ध होते, तो हाच काळ. ब्रह्मदेशच्या हरिकेनवर लाल ठिपक्याचे डेकल लावणे म्हणजे ज्या चुकीपासून वैमानिक वाचू पाहत होते, तीच पुन्हा करणे होय.

१२.
स्वातंत्र्यानंतर चकती बदलली. काही काळ निळे अशोकचक्र आले आणि मग आजची तिरंगी चकती: मध्ये केशरी, भोवती पांढरा, बाहेर हिरवा. व्हॅम्पायर आणि तुफानी ही प्रारंभीची जेट विमाने पुन्हा रुपेरी दिसू लागली. १९५७ मध्ये आलेल्या हंटरवर मात्र ब्रिटिश पद्धतीचे गडद हिरवे आणि गडद सागरी राखाडी पट्टे होते, पोट रुपेरी. हे रंग युरोपातील ढगाळ आकाश आणि ओल्या भूमीसाठी योजलेले होते. भारतात ती विमाने पंजाबच्या शेतांवरून आणि राजस्थानच्या वाळूवरून उडाली. विमानाबरोबर रंगही आयात होतो, याचे हे ठळक उदाहरण.

१३.
६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानच्या सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली दहा भारतीय विमाने नष्ट केली. त्यांत मिस्टेअर होती आणि नव्यानेच आलेली दोन मिग-२१ सुद्धा होती. ही विमाने उघड्या धातूच्या झळाळीत उभी होती. हानीला रंग हे एकमेव कारण नव्हते. पूर्वसूचना आणि तळाचे संरक्षण हे प्रश्नही होतेच. तथापि त्यानंतर अनेक विमानांवर युद्ध चालू असतानाच घाईने छद्मावरण चढवले गेले. ‘१९६५ चे विमान’ असे म्हणून भागत नाही. त्या युद्धासाठी वर्षाबरोबर महिना, किंबहुना आठवडाही विचारावा लागतो.

१४.
१९७१ च्या युद्धात मिग-२१ वरचे पट्टे बहुतांशी तळांवरच, स्क्वाड्रनच्या पातळीवर रंगवलेले होते. त्यामुळे एकाच स्क्वाड्रनमधील दोन विमानांचे पट्टे जुळतीलच असे नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर ज्या मिगनी हल्ला केला, त्यांचा विचार करतानाही ‘त्या काळचा प्रमाण नमुना’ शोधून उपयोग नाही. हवे ते त्याच क्रमांकाच्या विमानाचे, त्याच सुमाराचे छायाचित्र. ते नसेल तर प्रतिकृती ‘अंदाजे’ आहे, असे स्वतःशी मान्य करावे.

१५.
छायाचित्रही डोळे झाकून मानण्याजोगे नसते. कृष्णधवल छायाचित्रणात वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला असंवेदनशील होती. तिच्यावर लाल जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट. चकतीतील लाल आणि निळा यांची अदलाबदल झाल्यासारखे वाटणारी जुनी चित्रे याच कारणाने फसवतात. रंगीत छायाचित्रांचे रंगही काळानुसार उडतात, आणि मोबाईल तर उजेडानुसार स्वतःच रंग बदलून देतो. नगरच्या दुपारी घेतलेले छायाचित्र आणि सायंकाळी घेतलेले छायाचित्र पडद्यावर शेजारी ठेवावे. एकच रणगाडा दोन रंगांत दिसेल.

१६.
या गोंधळावर शासनांनी काढलेला उपाय म्हणजे क्रमांक. जर्मनीत १९२७ पासून ‘आरएएल’ ही रंगयादी आहे. ब्रिटनच्या ‘बीएस ३८१सी’ या यादीत गडद हिरव्याला ६४१, गडद सागरी राखाडीला ६३८ आणि मातकट तपकिरीला ४५० असे क्रमांक आहेत. भारतीय मानक ‘आयएस ५’ मधील अनेक क्रमांक ब्रिटिश यादीशी जुळतात; ऑलिव्ह हिरवा दोन्हीकडे २२० आहे. साम्राज्य गेले, रंगांचे क्रमांक राहिले. प्रतिकृतींच्या रंगांना प्रत्येक उत्पादक स्वतःचे क्रमांक देतो. हम्ब्रोलचा २९ म्हणजे ‘डार्क अर्थ’ आणि ३० म्हणजे ‘डार्क ग्रीन’. टामियाचा एक्सएफ-६२ म्हणजे ‘ऑलिव्ह ड्रॅब’. बाटली घेताना तिच्यावरचे ललित नाव बाजूला ठेवून ती कोणत्या मानक रंगासाठी आहे, हे पाहावे.

१७.
आता मूळ प्रश्न: पहिले रंग कोणते? वरील इतिहास ध्यानात घेता दहा बाटल्या पुरतात.
पांढरा आणि काळा: मिश्रणासाठी, टायरांसाठी, चिन्हांसाठी.
रुपेरी: वापिटी, व्हॅम्पायर, तुफानी आणि सप्टेंबर १९६५ पूर्वीचे मिग.
गडद हिरवा: हरिकेन आणि हंटर या दोहोंच्या पाठीवर.
मातकट तपकिरी: ब्रह्मदेशच्या हरिकेनसाठी हिरव्याचा जोडीदार.
गडद सागरी राखाडी: हंटरसाठी हिरव्याचा जोडीदार.
ऑलिव्ह हिरवा: रणगाडे आणि लष्करी गाड्या.
धुळकट खाकी: जुन्या गाड्या, आणि कोणत्याही चाकावर व साखळीपट्ट्यावर बसलेली धूळ.
गडद निळा: चकत्या आणि अशोकचक्र.
केशरी: आजच्या चकतीचे केंद्र.

१८.
उरलेले मिश्रणातून साधते. गडद राखाडीत पांढरा मिसळत गेल्यास हरिकेनच्या पोटाचा मध्यम राखाडी मिळतो. निळ्यात पांढरा घातला की १९४२ नंतरच्या चकतीतला फिकट निळा तयार होतो. आणखी एक गोष्ट. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर, १/७२ मापात ती १० सेंटीमीटरही भरत नाही. खरे विमान आपण दुरून पाहतो, तेव्हा मधली हवा त्याचा रंग फिका करते. प्रतिकृती हातभर अंतरावर असते, म्हणून मानकानुसार अचूक रंगही तिच्यावर काळपट भासतो. त्यात पांढऱ्याचे थोडे थेंब घालावेत. येथे अचूक क्रमांकापेक्षा योग्य अंतराचा भास अधिक प्रामाणिक ठरतो.

१९.
माध्यमाबद्दल थोडेसे. इनॅमल रंग टणक बसतो, पण सावकाश वाळतो आणि त्याला टर्पेंटाइन किंवा थिनर लागते; खोली हवेशीर हवी. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक नवख्याला सोयीचा. मात्र नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो कुंचल्यावरच सुकू लागतो. सकाळच्या गारव्यात काम करावे, रंग थोडा थोडा काढावा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. आधी प्रायमर लावावा. नवे मिश्रण प्रथम प्लॅस्टिकच्या जुन्या चमच्यावर लावून, वाळवून, घराबाहेरच्या उजेडात पाहावे. चमच्यामागे मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवावे. इतिहासकार टिपणे ठेवतो, तशी ही टिपणे.

२०.
आता ‘फामागुस्ता’कडे. १६ डिसेंबर १९७१ चा तो रणगाडा कारखान्यातून निघालेल्या ऑलिव्ह हिरव्या रंगात चकाकत नव्हता, इतके खात्रीने म्हणता येते. पूना हॉर्सचे रणगाडे बसंतर ओलांडून आले होते, दिवसभर लढले होते, आणि या रणगाड्यावर तर गोळे आदळले होते, त्याने पेट घेतला होता. मूळ हिरव्यावर चिखल, धूळ, तेल आणि काजळी यांचे थर होते. हे सारे आज नगरला उभ्या असलेल्या जतन केलेल्या रणगाड्यावर दिसणार नाही, आणि दिसावे अशी अपेक्षाही नाही. तो रणगाडा स्मारक आहे. स्मारक स्वच्छ ठेवतात.

२१.
म्हणून प्रतिकृतीकारासमोर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. नगरला जतन केलेल्या स्मारकाची प्रतिकृती करायची, तर आज दिसतो तो रंग द्यावा आणि तळपट्टीवर तसे लिहावे. लढाईच्या दिवशीचा रणगाडा करायचा, तर ऑलिव्ह हिरव्यावर धुळकट खाकी आणि काळा चढवावा, आणि किती भाग पुराव्याचा व किती तर्काचा, हेही लिहावे. चूक एकच होते: स्मारकाचा रंग देऊन खाली लढाईची तारीख लिहिणे.

२२.
दहा बाटल्यांचा हा संग्रह लहान आहे. तथापि त्यातील प्रत्येक बाटली उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारता येतात: कोणते वर्ष, कोणती आघाडी, आणि हे आपल्याला कशावरून कळले? नगरच्या संग्रहालयात जाणाऱ्याने छायाचित्रे अवश्य घ्यावीत. चाके मोजावीत, जोड पाहावेत, चिलखताचा उतार न्याहाळावा. रंगाचे छायाचित्रही घ्यावे. फक्त त्याच्याखाली ते ज्या दिवशी घेतले, त्या दिवसाची तारीख लिहावी.

(धागा समाप्त)